उंची ५ फूट ९ इंच, जर्सी नंबर ५१

(पडद्यावर : १५ ऑक्टोबर १९९५. क्लेमसन, साउथ कॅरोलायना.)

कॅरोलायना पँथर्स हा अमेरिकन फुटबॉलचा संघ मैदानात उतरून तेव्हा जेमतेम दीड महिना झाला होता. पाच सामने खेळून झाले होते आणि पाचही हरले होते. शार्लट शहरातलं त्यांचं स्टेडियम अजून बांधून व्हायचं होतं, त्यामुळे घरचे म्हणायचे ते सामनेसुद्धा शेजारच्या राज्यात, क्लेमसन विद्यापीठाच्या मैदानावर होत.

समोर न्यूयॉर्क जेट्स. त्यांचा क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमण चालवणारा आणि पास टाकणारा खेळाडू, बबी ब्रिस्टर दबावात सापडला. सुटका करून घ्यायला त्याने चेंडू जवळच्याच साथीदाराकडे खालच्या खाली ढकलला. तो चेंडू साथीदारापर्यंत पोचलाच नाही. मधल्यामध्ये ५१ नंबरच्या जर्सीने तो उचलला आणि ३६ यार्ड पळत जाऊन टचडाउन केला, म्हणजे चेंडू थेट समोरच्यांच्या शेवटच्या रेषेपार नेला. पँथर्सनी सामना २६-१५ असा जिंकला. संघाच्या इतिहासातला हा पहिला विजय.

चेंडू उचलणारा सॅम मिल्स त्या दिवशी ३६ वर्षांचा होता. अमेरिकन फुटबॉलमध्ये या वयाचे लाइनबॅकर, म्हणजे बचावाच्या मधल्या फळीतले खेळाडू, बहुतेक करून घरी बसलेले असतात. त्यातून याची उंची ५ फूट ९ इंच. या जागेवर खेळणारे बाकीचे लोक सहसा सहा फुटांच्या पुढचे.

मिल्सची गोष्ट अमेरिकेत खूप वेळा सांगितली गेली आहे. छोटा माणूस, मोठं काळीज, अशी. ती खोटी नाही. पण ती ऐकून वाटतं की हा माणूस नुसत्या हिमतीवर तरला. तसं नव्हतं. तो आपल्या कामात इतरांपेक्षा सरस होता, आणि ते कसब आधी नीट समजून घेतलं तर त्याच्या कारकिर्दीतली प्रत्येक गोष्ट वेगळी दिसू लागते.

(दृश्य : मैदानाचा आराखडा, दोन्ही बाजूंचे अकरा-अकरा खेळाडू.)

अमेरिकन फुटबॉल आपल्याकडे फारसा पाहिला जात नाही, म्हणून थोडं सांगतो. आक्रमण करणाऱ्या संघाला दहा यार्ड पुढे सरकायला चार संधी मिळतात. चेंडू मधल्या खेळाडूने पायांतून मागे दिला, म्हणजे स्नॅप झाला, की खेळी सुरू होते आणि बहुतेक वेळा पाच-सात सेकंदांत संपते. बचावाची पहिली फळी अगदी समोरासमोर, हात जमिनीला टेकवून बसलेली. सगळ्यात मागची फळी लांबचे पास अडवायला. या दोन्हींच्या मधे उभे असतात ते लाइनबॅकर.

मधला असल्यामुळे त्याच्यावर दुहेरी जबाबदारी. प्रतिस्पर्धी चेंडू घेऊन पळणार असेल तर पुढे घुसून त्याला पाडायचं. पास टाकणार असेल तर उलटं, मागे सरकून मोकळी जागा बुजवायची. एका चुकीच्या पावलाचा अर्थ दहा-पंधरा यार्ड. म्हणून आतल्या बाजूचा लाइनबॅकर चेंडूकडे बघत बसत नाही. तो बघतो समोरच्या गार्डकडे, म्हणजे आक्रमणाच्या पुढच्या फळीत वाट मोकळी करणाऱ्या खेळाडूकडे. गार्डचं वजन पुढे, बोटांवर आहे का? मग धाव येणार. टाचांवर रेललाय का? मग पास. स्नॅप होताच तो बाजूला निघाला तर चेंडूही बहुधा त्याच्याच मागे जाणार. हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत वाचायचं, आणि त्याआधी आपल्या दहा जणांना ओरडून सांगायचं की कुणी कुठे सरकायचं.

मिल्स हे वाचन अफाट करायचा. प्रतिस्पर्ध्यांच्या सामन्यांच्या फिल्म तो पुन्हा पुन्हा बघायचा, आणि मैदानात चेंडूच्या जागी इतरांच्या आधी हजर असायचा. जो आधी पोचतो त्याला उंचीची गरज कमी पडते.

आणि उंची कमी असण्याचा त्याला फायदाही होता. समोरून येणारा गार्ड सव्वासहा फुटी, सव्वाशे किलोच्या वरचा. त्याला मिल्सला ढकलायचं तर आधी खाली वाकावं लागे. मिल्स मुळातच खाली. कुस्तीत बुटका पण घट्ट पैलवान उंच गड्याच्या कमरेखाली शिरून पट काढतो, तसा तो गार्डच्या छातीखाली शिरायचा आणि त्याला सरळ उभा करून टाकायचा. एकदा अंग सरळ झालं की त्या वजनाचा उपयोग राहत नाही. मिल्सचं स्वतःचं वजनही शंभर किलोंच्या वर होतं. बुटका म्हणजे हलका नव्हे.

(दृश्य : न्यू जर्सीचा किनारा.)

सॅम मिल्सचा जन्म ३ जून १९५९चा, न्यू जर्सीतल्या नेपच्यून गावचा. वाढला तो किनाऱ्यावरच्याच लाँग ब्रँचमध्ये. मोठ्या विद्यापीठांच्या नजरेत तो आला नाही. तो गेला माँटक्लेअर स्टेट या कॉलेजात. हे कॉलेज डिव्हिजन थ्रीमधलं. या गटात खेळासाठी शिष्यवृत्ती द्यायची नाही असा नियमच आहे. मुलं शिकतात आणि आवडीने खेळतात, एवढंच. तिथे मिल्सने ५०१ टॅकल केले, म्हणजे तितक्या वेळा चेंडू घेऊन पळणाऱ्याला पाडलं. एका हंगामात १४२ आणि एका सामन्यात २२.

१९८१ साली एनएफएलचा, म्हणजे अमेरिकेतल्या मुख्य व्यावसायिक फुटबॉल लीगचा, ड्राफ्ट झाला. ड्राफ्टमध्ये संघ पाळीपाळीने कॉलेजातले खेळाडू निवडतात. बारा फेऱ्या, तीनशेहून जास्त खेळाडूंची निवड. हा ड्राफ्ट लाइनबॅकरांसाठी आजही आठवला जातो. लॉरेन्स टेलर त्यातला, दुसऱ्या क्रमांकावर उचललेला. माइक सिंगलटरी त्यातला, रिकी जॅक्सन त्यातला. तिघेही पुढे हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे या खेळातल्या थोरांच्या मानाच्या यादीत, गेले. सिंगलटरी सहा फुटांचा होता तर त्यालाही बुटका म्हणून दुसऱ्या फेरीपर्यंत थांबावं लागलं. मिल्सचं नाव बाराव्या फेरीनंतरही कुणी घेतलं नाही.

क्लीव्हलंड ब्राउन्सनी त्याला सराव शिबिरात बोलावलं आणि नंतर वगळलं. पुढच्या वर्षी तो कॅनडात टोरांटो अर्गोनॉट्सकडे गेला, तिथेही तेच. मग तो घरी परतला आणि न्यू जर्सीतल्याच ईस्ट ऑरेंज हायस्कूलमध्ये शिक्षक झाला. सुतारकाम आणि छायाचित्रण हे त्याचे विषय. संध्याकाळी शाळेच्या फुटबॉल संघाचा सहायक प्रशिक्षक. बहुतेकांची खेळाडू म्हणून गोष्ट इथे संपते, आणि त्यात कमीपणाचं काही नाही.

१९८३मध्ये युनायटेड स्टेट्स फुटबॉल लीग, यूएसएफएल, सुरू झाली. एनएफएल हिवाळ्याची, ही वसंतातली. नव्या लीगला शेकडो खेळाडू हवे होते. फिलाडेल्फिया स्टार्स संघाचे सरव्यवस्थापक कार्ल पीटरसन यांच्याकडे मिल्सचं नाव पोचवलं ते ब्राउन्सचे प्रशिक्षक सॅम रुटिलियानो यांनी. म्हणजे ज्यांनी त्याला वगळलं होतं त्यांनीच. मला या गोष्टीचं फार मोल वाटतं. माणूस खेळतो चांगला हे रुटिलियानो यांना दिसलं होतं. अडत होतं ते उंचीच्या रकान्यापाशी.

स्टार्सचे मुख्य प्रशिक्षक होते जिम मोरा. शंका त्यांनाही होती. पण शिबिरात दिवसामागून दिवस एकच घडत राहिलं : कुठलीही खेळी असो, ढिगाऱ्याच्या तळाशी मिल्स. त्याला टोपणनाव पडलं फील्ड माउस, शेतातला उंदीर. स्टार्स लीगच्या तिन्ही वर्षांत अंतिम सामन्यात पोचले. १९८३ला मिशिगन पँथर्सकडून २४-२२ असे थोडक्यात हरले. १९८४ला ॲरिझोना रँगलर्सना २३-३ हरवलं. १९८५ला संघ बाल्टिमोरला हलला होता, तरी ओकलंड इनव्हेडर्सना २८-२४ नमवून पुन्हा विजेते.

मग लीगच बुडाली. यूएसएफएलच्या मालकांनी एनएफएलवर मक्तेदारीचा खटला भरला. १९८६मध्ये ज्यूरीने एनएफएलला दोषी धरलं, आणि नुकसानभरपाई ठरवली एक डॉलर. कायद्याप्रमाणे तिप्पट, म्हणजे तीन डॉलर. त्या तीन डॉलरांत शेकडो खेळाडूंची रोजीरोटी गेली.

मोरा तोवर न्यू ऑर्लिन्स सेंट्सचे प्रशिक्षक झाले होते. येताना त्यांनी मिल्सला बरोबर आणलं. ज्या एनएफएलने पाच वर्षांपूर्वी दार उघडलं नव्हतं, तिथे तो २७व्या वर्षी नवखा म्हणून शिरला.

(दृश्य : न्यू ऑर्लिन्स, सुपरडोम.)

सेंट्सची त्या काळातली अवस्था सांगायला हवी. संघाची स्थापना १९६७ची. तेव्हापासून वीस हंगामांत एकदाही पराभवांपेक्षा विजय जास्त झाले नव्हते. १९८०मध्ये तर चाहते लाजेने डोक्यावर कागदी पिशव्या घालून स्टेडियममध्ये बसत. अशा संघात मोरांनी चार लाइनबॅकर एका ओळीत उभे केले. बाहेरच्या बाजूंना रिकी जॅक्सन आणि पॅट स्विलिंग, आत वॉन जॉन्सन आणि सॅम मिल्स. जॉन्सनही यूएसएफएलमधूनच आलेला. सुपरडोमच्या छताखाली गस्त घालणारे म्हणून लोक त्यांना डोम पेट्रोल म्हणू लागले.

जॅक्सन आणि स्विलिंग बाहेरून वळसा घालून क्वार्टरबॅकवर तुटून पडायचे. टाळ्या त्यांना मिळायच्या. पण ते बिनधास्त बाहेर जाऊ शकत होते ते आतली जागा राखणारं कुणीतरी होतं म्हणून. बचावाची मांडणी ओरडून सांगायचा तो मिल्स. पहिल्याच पूर्ण ताकदीच्या वर्षी, १९८७मध्ये, सेंट्सनी १२ सामने जिंकले, ३ हरले आणि पहिल्यांदा प्लेऑफ, म्हणजे हंगामाअखेरची बाद फेरी, गाठली. १९९१ आणि १९९२ या दोन्ही हंगामांत अख्ख्या लीगमध्ये सर्वांत कमी गुण दिले ते याच बचावाने. १९९२च्या हंगामानंतर तर एका संघाचे चारही लाइनबॅकर प्रो बोलसाठी, म्हणजे वर्षातल्या निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी, निवडले गेले. एनएफएलमध्ये असं आधी कधी झालं नव्हतं.

एक सल मात्र राहिला. मिल्सच्या काळात सेंट्स चार वेळा प्लेऑफमध्ये गेले आणि चारही वेळा पहिलाच सामना हरले. इतका कडवा बचाव असूनही आक्रमण त्या तोडीचं कधी झालं नाही. डोम पेट्रोलचं नाव जेवढं व्हायला हवं होतं तेवढं झालं नाही त्याचं मोठं कारण हेच, असं मला वाटतं. विजेत्यांना मिळणारी अंगठी नाही म्हटल्यावर लोक विसरतात.

जिम मोरा पुढे म्हणाले की आपण ज्यांना शिकवलं त्या सगळ्यांमध्ये सॅम मिल्स सर्वोत्तम. ज्यांनी स्विलिंग आणि जॅक्सनलाही शिकवलं होतं, त्यांचं हे बोलणं आहे.

१९९५मध्ये मिल्सने न्यू ऑर्लिन्स सोडलं. नव्याने निघालेल्या कॅरोलायना पँथर्सचे प्रशिक्षक होते डॉम केपर्स. केपर्स स्टार्समध्ये आणि सेंट्समध्ये मोरांचे सहायक होते, म्हणजे मिल्सला अगदी आतून ओळखणारे. नव्या संघाला मैदानावर एक डोकं हवं होतं. त्यांनी ३६ वर्षांच्या माणसावर विश्वास टाकला.

जेट्सविरुद्धचा तो टचडाउन आपण पाहिला. त्यानंतर पँथर्स सुटलेच. पुढच्याच आठवड्यात मिल्सच्या जुन्या संघाला, सेंट्सना, २०-३ हरवलं. मग न्यू इंग्लंडमध्ये जाऊन जिंकले. मग सॅन फ्रान्सिस्कोत, गतविजेत्या फॉर्टीनाइनर्सच्या घरात, १३-७. हंगाम संपला तेव्हा हिशेब होता ७ विजय, ९ पराभव. त्याआधी कुठल्याही नव्या संघाला पहिल्या वर्षी इतके विजय मिळाले नव्हते. मिल्सने त्या वर्षात प्रतिस्पर्ध्यांचे पाच पास मधेच झेलले.

दुसऱ्या वर्षी तर १२ विजय आणि गटाचं विजेतेपद. शार्लटमधलं स्टेडियम तयार झालं होतं आणि जानेवारी १९९७मध्ये तिथे प्लेऑफसाठी आला डॅलस काउबॉइज, आदल्या वर्षीचा सुपर बोल, म्हणजे एनएफएलचा अंतिम सामना, जिंकलेला संघ. पँथर्सनी २६-१७ जिंकलं. डॅलस परतफेड करू पाहत असताना त्यांचा क्वार्टरबॅक ट्रॉय एकमनचा शेवटाकडचा एक पास मधेच झेलला तोही मिल्सनेच. पुढच्या सामन्यात ग्रीन बेने ३०-१३ हरवून पँथर्सना सुपर बोलच्या उंबरठ्यावरून परत पाठवलं. पण त्या वर्षी केव्हिन ग्रीन, लमार लेथन आणि मिल्स असे तीन लाइनबॅकर प्रो बोलला गेले. मिल्सची ही पाचवी वेळ. वय ३७.

या वयात पाय मंदावतात, हे त्यालाही चुकलं नसणार. पण वाचन वयाबरोबर वाढतं, आणि त्याचा खेळ पहिल्यापासून वाचनावर उभा होता. म्हणूनच पँथर्सच्या पहिल्या तीन हंगामांत प्रत्येक सामन्याला सुरुवातीपासून मैदानात असलेला एकमेव खेळाडू तोच आहे. १९९७च्या हंगामानंतर तो निवृत्त झाला. एनएफएलमधले १२ हंगाम, १८१ सामने, २०.५ सॅक (पास टाकण्याआधीच क्वार्टरबॅकला पाडणं), ११ इंटरसेप्शन (समोरच्याचा पास मधेच झेलणं), आणि हजाराच्या कितीतरी वर टॅकल. १९९८मध्ये स्टेडियमबाहेर त्याचा पुतळा उभा राहिला. तो स्वतः तेव्हा त्याच स्टेडियममध्ये प्रशिक्षक म्हणून कामाला लागला होता, आणि पुढे लाइनबॅकरांना शिकवणं हेच त्याचं काम झालं.

(दृश्य : शार्लट, सरावाचं मैदान. ऑगस्ट २००३.)

ऑगस्ट २००३मध्ये मिल्सला आतड्याचा कर्करोग असल्याचं निदान झालं. डॉक्टरांच्या अंदाजाने हातात काही महिनेच होते. योगायोग असा क्रूर की त्याच महिन्यात संघातला लाइनबॅकर मार्क फील्ड्स याला हॉजकिन्सचा कर्करोग निघाला. एकाच संघातले दोघे, गुरू आणि त्याचा खेळाडू.

मिल्स केमोथेरपी घ्यायचा आणि अंगात बळ असेल तेव्हा सरावाला यायचा. फिल्म लावायचा, गार्डचे पाय दाखवायचा. आजारी माणसाने कामावर यावंच असं माझं म्हणणं नाही, प्रत्येकाचं शरीर वेगळं आणि प्रत्येकाचा निर्णयही. पण मिल्सला हे काम मनापासून आवडत होतं आणि ते त्याने सोडलं नाही.

त्या हंगामात पँथर्स प्लेऑफमध्ये गेले. ३ जानेवारी २००४, समोर पुन्हा डॅलस. त्या सामन्याआधी मिल्स संघापुढे बोलला. बोलणं थोडकंच होतं. कर्करोग झाल्याचं कळलं तेव्हा माझ्यापुढे दोनच रस्ते होते, तो म्हणाला, हार मानायची किंवा घाव घालत राहायचं. मी लढणारा आहे, मी घाव घालत राहिलो. तुम्हीही लढणारे आहात. आणि शेवटी दोन शब्द : कीप पाउंडिंग.

पँथर्स तो सामना २९-१० जिंकले. सेंट लुइसमध्ये दुहेरी जादा वेळेत जिंकले. फिलाडेल्फियात १४-३ जिंकले. १ फेब्रुवारी २००४ला ह्यूस्टनमध्ये त्यांचा पहिला सुपर बोल झाला. न्यू इंग्लंड पेट्रिअट्सनी तो शेवटच्या चार सेकंदांत मारलेल्या फील्ड गोलवर ३२-२९ असा नेला. ते दोन शब्द मात्र शार्लटला चिकटले ते कायमचे. आज पँथर्सच्या जर्सीच्या कॉलरमध्ये आतून ते लिहिलेले असतात, आणि घरच्या सामन्याआधी त्याच नावाचा भलामोठा ड्रम बडवला जातो.

डॉक्टरांनी दिलेल्या मुदतीपेक्षा मिल्स खूप जास्त जगला. १८ एप्रिल २००५ला शार्लटमधल्या आपल्या घरी त्याचं निधन झालं. वय ४५. त्याच वर्षी पँथर्सनी ५१ नंबरची जर्सी निवृत्त केली, म्हणजे तो नंबर पुन्हा कुणाला द्यायचा नाही असं ठरवलं.

(दृश्य : कँटन, ओहायो.)

इथल्या हॉल ऑफ फेमसाठी खेळाडू निवृत्तीनंतर पाच वर्षांनी पात्र होतो. तिथून वीस वर्षं त्याचं नाव नियमित यादीत राहू शकतं. मिल्स पात्र झाला तो २००३मध्ये, दुखणं कळलं त्याच वर्षी. मग एकामागून एक वर्षं गेली. डोम पेट्रोलमधला त्याचा जोडीदार रिकी जॅक्सन २०१०मध्ये आत गेला. मिल्सचं नाव अडून राहिलं. सेंट्सना प्लेऑफमध्ये विजय नाही, सॅकचे आकडे बाहेरच्या लाइनबॅकरांसारखे नाहीत, यूएसएफएलची तीन उत्तम वर्षं एनएफएलच्या खात्यात मोजली जात नाहीत. मधल्या लाइनबॅकरचं निम्मं काम आकड्यांत येतच नाही. त्याने ओरडून दुसऱ्याला दोन पावलं डावीकडे सरकवलं आणि त्या दुसऱ्याने टॅकल केला, तर नोंद त्या दुसऱ्याच्या नावावर होते.

२०२२ हे त्याच्या वीस वर्षांतलं शेवटचं वर्ष. त्या वर्षी निवड समितीने होकार दिला. ६ ऑगस्टला कँटनमध्ये सोहळा झाला. सॅमच्या वतीने भाषण केलं त्याच्या पत्नीने, मेलनी मिल्स यांनी. त्यांचा मुलगा सॅम मिल्स तिसरा हाही वडिलांसारखाच प्रशिक्षक झाला आणि बरीच वर्षं पँथर्सबरोबरच होता.

(दृश्य : डॅलसविरुद्धचा प्लेऑफ सामना, जानेवारी १९९७.)

आता या सामन्यातल्या काही खेळी दाखवतो. एरवी आपली नजर चेंडूमागे जाते. या वेळी स्नॅपच्या आधीपासून फक्त ५१ नंबरकडे बघा. त्याचा हात कुणाला कुठे सरकवतो ते बघा, आणि मग डॅलसचा गार्ड हलतो तेव्हा त्याचं पहिलं पाऊल कुठल्या दिशेला पडतं ते बघा.